अकरा मेलेल्या जागा

बाबा : आता दोन पावलं डावीकडे सरक. आपट बॉल.

कोच : आला की कमरेपर्यंत.

बाबा : अजून एक पाऊल. आपट.

कोच : गुडघ्यालाच थांबला.

बाबा : मेली ती जागा. फळीखालची पट्टी कुजलीय. अशा किती आहेत?

कोच : अकरा. माझ्या बास्केटबॉलच्या मुलींना तोंडपाठ आहेत. बाहेरची टीम आली की समोरच्यांना गोड बोलून या कोपऱ्यात आणतात. बॉल उसळतच नाही, बिचाऱ्या जमिनीकडे बघत राहतात.

बाबा : शाब्बास! फळ्या मी ठोकल्या, सामने तुम्ही जिंकताय.

कोच : बाबा, चारपर्यंत कमिटीला कळवायचंय, हॉलच्या जमिनीला पुन्हा लाकूड की सिंथेटिक. मी लाकूडच सांगणार. तुम्ही फक्त हो म्हणा.

बाबा : आधी पट्टी का कुजली, ते तर कळू दे. छत गळतं?

कोच : थेंबभर नाही.

बाबा : मग पाणी आलं कुठून?

[सफाईच्या मावशी बादली घेऊन येतात.]

मावशी : सरका जरा बापलेक. पुसून घेते.

बाबा : ताई, एवढी बादली रोज?

मावशी : सकाळी एक, संध्याकाळी एक. या मॅडम म्हणतात, फडकं घट्ट पिळून पुसा. मला ते अंघोळ न करता कपडे बदलल्यासारखं वाटतं.

बाबा : सापडला चोर!

मावशी : चोर कुणाला म्हणता? घामाचे डाग काय फुंकर मारून जातात?

बाबा : नाही हो, तुमचं बरोबर आहे. माणूस बदलण्यापेक्षा जमीन बदलणं सोपं. परीक्षेची बाकंही इथेच लागतात ना?

मावशी : दोनशे. आणि उचलून कोण ठेवतंय? ओढतच आणतात.

बाबा : झालं तर. लिही, सिंथेटिक.

कोच : बाबा! उडी मारून उतरलं की लाकूड दबतं, गुडघे वाचतात, हे तुम्हीच शिकवलंत ना?

बाबा : कोरडं असलं तर. कुजक्या फळीवर एखादी पोर उतरली, तर घोटा गेलाच. सिंथेटिकखाली जाड रबर मागून घे, मग गुडघ्यांचंही भागेल.

कोच : पण...

बाबा : पण काय?

कोच : ते काम कंपनीची माणसं येऊन करणार. चिकटवतील आणि जातील. तुम्ही काय करणार? सुतारकामाचं दुकान बंद केल्यापासून घरातल्या दारांच्या बिजागऱ्या चारदा काढून बसवल्यात.

बाबा : करकरत होत्या.

कोच : एकही करकरत नव्हती.

बाबा : अस्सं. म्हणजे लाकूड माझ्यासाठी होतं.

मावशी : मी तिकडनं पुसत येते हं.

कोच : थोडं मुलींसाठीही होतं.

बाबा : वेडाबाई. मी फळ्या घालायच्या, मावशींनी भिजवायच्या, मी परत बदलायच्या. मरेपर्यंत कामाची सोय!

कोच : हसू नका. पाठवू मग?

बाबा : पाठव.

कोच : पाठवलं. सिंथेटिक, खाली जाड रबर.

बाबा : नव्या जमिनीवर पहिला सामना कधी?

कोच : दोनेक महिन्यांनी. का?

बाबा : येईन म्हणतो. तू इथे पाच वर्षं खेळलीस, मी एकही सामना चुकवला नाही. पण सगळा वेळ फळ्याच बघत बसलो गं.