गणपतराव मास्तरांच्या वर्गातल्या रिकाम्या जागा

वडीलधारी मंडळी, मास्तरीणबाई आणि माझ्या सोबत्यांनो,

सभेत बोलण्याची मला सवय नाही. म्हणून लिहून आणले आहे. कागदावर खाडाखोड फार आहे. कृपा करून तिकडे पाहू नका.

गणपतराव मास्तर गेले. पटकीने गेले. सकाळी याच फळ्यापाशी उभे होते, दिवेलागणीला नव्हते. मिशनच्या या वर्गात ते आम्हांला मास्तर व्हायला शिकवीत. गणित, भूगोल, व्याकरण, पाठाचे टाचण, फळ्यावरचे अक्षर. पण खरे शिक्षण दुपारी. तेव्हा सरावशाळेत खाडीकडची पोरे येत, आमच्यापैकी एक जण पाठ देई, आणि मास्तर पोरांत मांडी घालून बसत. वर्गातला सर्वांत मठ्ठ मुलगा व्हायचे, हे त्यांनी आपल्याकडे घेतलेले काम.

आमच्या सदाशिवाचा पहिला पाठ मेणबत्तीवर होता. मास्तरांनी मागून विचारले, "गुर्जी, ज्योत वरच का जाते?" सदाशिवाने सांगितले. "नाही समजलं, गुर्जी." पुन्हा सांगितले. "नाही समजलं." सदाशिव चिडला. "मग बाहेर जाऊन बस, दगडा!"

पोरे खो-खो हसली. आणि मास्तर खरोखरच उठले. पाठ संपेपर्यंत ओसरीवर उन्हात बसून राहिले. मग आत येऊन म्हणाले, "सदाशिवा, वर्ग छान शांत झाला रे. पण दगड दगडच राहिला. त्याचं काय?"

असा मास्तर आता कोठून आणायचा?

बायबलाचा तास होता, हे मी लपवीत नाही. मास्तर स्वतः ख्रिस्ती होते. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितले, "ऐकणं सक्तीचं आहे. मानणं नाही." पाद्रीसाहेब समोरच होते. ते नुसते खोकले.

आता मास्तरांना नेले त्या संध्याकाळविषयी बोलतो. बोलायलाच हवे. आजाराच्या भीतीने त्यांच्या समाजातले तिघेच पुरुष आले. प्रेताची पेटी जड. आम्ही विद्यार्थी दाराशी उभे. सदाशिव घरी धावला आणि मडक्यात विस्तव घेऊन आला. प्रेतापुढे विस्तव न्यायचा, एवढेच त्याला ठाऊक. मास्तरांना पुरायचे आहे, हे त्याच्या ध्यानातच आले नाही. एक गृहस्थ खवळले, "हे काय आणलंस? टाक ते!"

मास्तरीणबाई म्हणाल्या, "असू द्या. त्यांचाच पोर आहे तो. चला."

सदाशिव मडके घेऊन पुढे चालला. आम्ही खांदा दिला.

दुसऱ्या दिवशी इथल्या टेंभी नाक्यावर बोभाटा झाला, पोरे बाटली! मडक्यावरून ख्रिस्ती मंडळी नाराज, खांद्यावरून आपली हिंदू. वडिलांनी आपापली मुले घरी बसवली. मी कल्याणचा. माझ्या आईने मला अंगणातच आंघोळ घातली, थोडी रडली, आणि जेवायला वाढले. आमच्या घरी तेवढ्यावर भागले.

पण या वर्गात आता आम्ही दोघेच उरलो आहोत. पाद्रीसाहेबांनी सांगितले आहे, सोमवारी जागा भरल्या नाहीत तर वर्ग बंद. वर्ग गेला की सरावशाळाही गेली. मग त्या पोरांना कोण शिकवणार?

बापूसाहेब, आपण सदाशिवाचे वडील. आपण त्याला म्हणालात, "तो ख्रिस्ती होता. तुला काय त्याचं?" होते ते ख्रिस्ती. पण आपला मुलगा बाटला कसा? त्याने तर विस्तव नेला. ख्रिस्त्याच्या पेटीपुढेही त्याला आपल्याच घरची रीत आठवली. हिंदू मुलाने याहून अधिक काय करायचे?

लहान तोंडी मोठा घास घेतला. क्षमा असावी.

आता आपण सर्वांनी मास्तरांसाठी क्षणभर उभे राहावे. ज्याने त्याने आपापल्या देवाचे नाव मनात घ्यावे. बापूसाहेब, आपले गुडघे दुखतात. आपण बसूनच राहा. फक्त सोमवारी सदाशिवाला पाठवा.