घोंगडीवरचं घड्याळ

मंडळी, एक सांगा — ज्यानं लढाई पाहिली, त्यालाच राज्य द्यावं का? तिकडे अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निवडताना हा प्रश्न हटकून निघतो — 'उमेदवार फौजेत होता का?' आपल्याकडे काय विचारतात? 'जेवण कुठंय?' हसू नका, जेवलात तुम्हीच!

ऐका तर. माझ्या लहानपणीची हिरडेवाडी. घरटी एक माणूस पलटणीत. चावडीवर एकच रेडिओ, आणि बातम्या लागल्या की अख्खं गाव चिडीचूप! कसे दिवस होते ते! त्या वर्षी सरपंचपदाला दोघं उभे — पेन्शनीत आलेले सुभेदार बाजी निकम, आणि दौलतराव. दौलतरावांनी बंदूक पाहिली होती ती जत्रेतली, फुगे फोडायची!

मतदान तोंडावर आलं, आणि वरच्या गावानं ओढ्याचं पाणी अडवलं. पिकं माना टाकू लागली. दौलतराव पारावर चढले — "चला, बांध फोडू! आडवा येईल त्याला झोपवू!" तरणी पोरं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन जमली आणि वळली सुभेदारांकडे — "सुभेदार, हुकूम द्या! नाहीतर मत नाही!"

सुभेदारांनी खांद्यावरची घोंगडी जमिनीवर पसरली. "देतो की. पण हल्ल्याआधी आमच्यात एक रीत होती. परत नाही आलो तर घरी काय पोचवायचं, ते सोबत्याकडे द्यायचं. ठेवा इथं."

पोरं हसली. त्यातल्या भानुदासनं मनगटावरचं घड्याळ काढून टाकलं — "घ्या!"

सुभेदारांनी ते उचललं. "कुणाच्या हातात देऊ?"

"आईच्या."

"काय सांगू तिला?"

मागंच उभी होती त्याची आई, गजराआक्का. म्हणाली, "सुभेदार, त्ये घड्याळ मी घ्यायची न्हाई."

एक काठी खाली पडली. मग दुसरी.

"दौलतराव, तुमची अंगठी?"

"निघंना हो — बोट सुजलंय!"

सुभेदार म्हणाले, "लढाईत पडलेल्या सोबत्यांची अशी गाठोडी मी दारोदार पोचवलीत. आता नाही पोचवायची. मत नका देऊ." आणि रिकाम्या हातानं वरच्या गावाला चालू लागले. परतले ते पाण्याच्या पाळ्या ठरवूनच!

सरपंच कोण झालं? दौलतराव! जेवण होतं ना!

तेव्हा मंडळी, नुसती वर्दी पाहू नका. वर्दीतून आलेला प्रत्येकजण सुभेदार नसतो. विचारा — यानं कुणाच्या दारात गाठोडं नेलंय? आणि तुम्ही — टीव्हीसमोर बसून 'घुसा, मारा!' ओरडता ना? ही माझी शाल पसरली. पोराचं घड्याळ ठेवता?