दोन्ही डोंगर माझेच

नाही वन्सं, तो भित्रा आहे म्हणून नाही हो काढलं मी त्याला घराबाहेर — तुमच्या भावानं असं सांगितलं तुम्हाला? बसा ना, त्या वायरी सरकवा बाजूला. भित्रा असता तर चाललं असतं! पाय घसरला, पुन्हा चढवत नाही, एवढंच म्हणाला असता — दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं. नवऱ्याला भीती वाटते म्हणून कोणी संसार मोडतं का? नाही मोडत.

हे बघा, त्या डोंगराच्या उतारावर सेन्सरच्या डब्या पुरायच्या होत्या — जमीन सरकली की एकमेकींना निरोप देणाऱ्या. खाली वस्ती आहे. आता डब्यांतला प्रोग्रॅम चुकला तर दरवेळी डोंगर कोण खणत बसणार? म्हणून मी इथे, या कॉम्प्युटरात, अख्खा डोंगर उभा केला — सिम्युलेटर. पाऊस पाडायचा, एखादी डबी बंद पाडायची, निरोप हरवायचे, आणि प्रोग्रॅम कुठे अडखळतो ते बघायचं. खऱ्या डब्या पुरणं त्याच्याकडे. तो तिकडचे आकडे पाठवायचा, आणि ते माझ्या डोंगराशी असे जुळायचे — मी वेडी, त्याच्या गळ्यात पडले. म्हटलं, तुझ्यामुळे जमलं हे. तर हसला. हसला हो!

कसं कळलं? निरोप हरवतात ते कसेही हरवतात, त्याला क्रम नसतो. आणि याच्या आकड्यांत हरवलेले निरोप म्हणजे माझ्या जुन्या चाचणीत हरवलेलेच — तेच, त्याच क्रमानं. तारखा तेवढ्या बदललेल्या! माझंच ताट मला वाढत होता. धावत गेले — डब्या पायथ्याच्या खोलीत, खोक्यांत, वरची चिकटपट्टीसुद्धा न फाडलेली. वस्तीतल्या आजीबाई म्हणाल्या, तुमच्या डब्या आहेत, आता निवांत झोपतो आम्ही. काय सांगायचं? खरं तेच सांगितलं. वस्ती हलवली, डब्या मी स्वतः पुरल्या, तेव्हा कुठे माणसं परतली.

राग आहेच — पण अजून आतून कडी लावत नाही मी, आला तर म्हणून. हे सांगू नका त्याला. फक्त म्हणावं, एकदा तोंडानं खरं बोल —

काय म्हणालात? दमलेला असायचा? कुठे — तुमच्याकडे? त्या दिवसांत? दिवसभर झोपून असायचा? थांबा. मी फोन केला होता तुम्हाला — त्याचा लागत नाही, जीव घाबरतोय म्हणून. आणि तुम्ही म्हणालात, डोंगरावर रेंज कुठली, पुरत असेल डब्या. तेव्हा तो आत —

उठा. नको, काही बोलू नका. जिन्यात दिवा नाही, सांभाळून उतरा.