डॉक्टर तायडे खातात काय?

…आणि वर मलाच विचारतात, "डॉक्टरांचं काम ना? मग सोपं असेल!" सोपं? अहो, तुम्हाला सांगतो, बोरिवलीत इतकी वर्षं मी लोकांचे इन्कम टॅक्सचे कागद भरतोय, किराणावाले झाले, गॅरेजवाले झाले, एक बँडवाला झाला, तो पावत्या क्लॅरिनेटच्या पेटीत ठेवायचा, पण डॉक्टर अंबादास तायड्यांसारखं गिऱ्हाईक नाही पाहिलं. माणूस सोन्यासारखा, पण हिशेबाला बसलं की वाट लागली!

आता बघा, तायडे मूळचे अकोल्याकडचे, घराण्यातले पहिले डॉक्टर. राहायला चारकोपला, दवाखाना मनोरीला, रोज सकाळी मार्व्याहून होडीनं खाडी ओलांडून जाणार. आणि तिथल्या त्यांच्या कोळी पेशंटांची रीत काय, तर डॉक्टरला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही आणि पैसे काही द्यायचे नाहीत! ताप उतरला, दोन पापलेट. टाके घातले, सुरमई. बाळंतपण सुखरूप झालं… बाळंतपणाला तर कोळंबीची अख्खी पाटी! डॉक्टर "अहो नको, नको" म्हणेपर्यंत पाटी होडीत जाऊन बसलेली. लग्न झालं तेव्हा काट्याला घाबरणारा हा माणूस, आता बोलता बोलता काटे बाजूला काढून ठेवतो.

मग वर्षाअखेर मी विचारणार, डॉक्टर, घरखर्चाला किती काढले? तर आकडा असा, की त्यात आमच्याकडे नुसता चहा होईल. म्हटलं, अहो, एवढ्याशा पैशात घर चालतं यावर इन्कम टॅक्सचा साहेब विश्वास ठेवणार नाही, तेव्हा गावाहून ज्वारी येते असं लिहू, विमलावहिनींच्या माहेरून तूप येतं असं लिहू, सगळेच लिहितात. तर डॉक्टर शांतपणे म्हणाले, पण येत नाही ना? मग कसं लिहायचं? घ्या! अशा माणसाचं काय करायचं, सांगा ना तुम्ही!

सत्याऐंशी साली आली की नोटीस. गेलो दोघं. साहेब मालवणकडचे, बारीक, चष्मेवाले, टेबलावर फायलींचा ढीग. त्यांनी घरखर्चाचा आकडा पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत पाहिला, आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"डॉक्टर, तुम्ही खाता काय?"

मी टेबलाखालून डॉक्टरांचा पाय दाबतोय, ज्वारी म्हणा, तूप म्हणा, उपास म्हणा! आणि डॉक्टर म्हणतात,

"पापलेट."

संपलं! पेशंट देतात म्हणून सांगितलं, तर साहेब म्हणाले, छे, पैसा लपवलाय. घरखर्च मी माझ्या अंदाजानं धरतो आणि 'लपवलेलं उत्पन्न' म्हणून ऑर्डरमध्ये लिहितो. नाहीतर मासे देणारं माणूस आणा, पुरावा आणा.

बाहेर आलो तर डॉक्टर जिन्यातच बसले. मला वाटलं, कराची काळजी. म्हटलं, चार पैसे जास्त भरू, काय होतं? तर म्हणाले, कर घेऊ दे हो. पण पहिल्यांदा कर भरला तेव्हा बाबांना पत्र टाकलं होतं. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेला माणूस, त्यांनी गावात पेढे वाटले, माझा मुलगा सरकारला पैसे देतो म्हणून. आता त्याच सरकारनं मला लबाड लिहायचं? म्हटलं, उठा डॉक्टर, पुरावा आणू! पुढल्या तारखेला सोनूबाईंना घेऊन गेलो.

या सोनूबाई मनोरीच्या कोळीण, नवऱ्याचा दमा डॉक्टरांनी ताब्यात आणलेला. मी त्यांना होडीतच पढवलं, बाई, साहेब भाव विचारतील, कमी सांगा. भाव जेवढा कमी, तेवढी डॉक्टरांची कमाई कमी, तेवढा कर कमी. बाई म्हणाल्या, समजला. आणि साहेबांपुढे गेल्या, तर डोक्यावर टोपली! पुरावा आणा म्हटलं होतं ना? पुरावा टेबलावर उतरला, फायलींच्या शेजारी, पहाटे जाळ्यात आलेला. शेजारच्या टेबलांवरचे क्लार्क उठून बघायला आले. साहेबांनी विचारलं, ह्या जोडीला काय किंमत? आता मला सांगा, टोपली पुढ्यात, गिऱ्हाईक समोर, आणि कोळीण भाव कमी सांगेल?

"तीस. ताजा हाय."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, झालं, तिसाच्या भावानं वर्षभराची पापलेटं मोजा आता! पण तुम्हाला सांगतो, साहेबांचा चेहराच बदलला. पुढे वाकले, बोटानं कल्ला उचलून बघितला, आणि साहेबातला मालवणी बाहेर आला.

"तीस खंयचे गो? बारा घे."

"बारात बोंबील घ्या, सायेब. पंचवीस."

"आमच्या मालवणाक ह्या पैशात टोपलीभर गावतत! पंधरा."

अहो, आकडा वाढवायचा पगार घेणारा माणूस, स्वतःच खाली आणतोय! डॉक्टर मधेच म्हणतात, "नाही साहेब, वीसला जातात बाजारात…" मी पुन्हा पाय दाबला, या वेळी बुटानं. माणूस सोन्यासारखा, पण… जाऊ दे. शेवटी सोळावर सौदा ठरला. साहेब भानावर आले, रुमालानं बोटं पुसली आणि ऑर्डर लिहिली, डॉक्टर फी म्हणून मासे घेतात हे पटलं, जोडीला सोळाप्रमाणे उत्पन्नात धरावेत. 'लपवलेलं' हा शब्द त्यांनी स्वतः खोडला. डॉक्टरांनी ती ओळ तीनदा वाचली आणि तिथूनच पोस्टात गेले, बाबांना पत्र टाकायला.

संपलं म्हणता? छे! सोनूबाई पेटल्या ना. त्यांचं पापलेट सोळाला गेलं, सरकारी कागदावर गेलं! अख्ख्या मनोरीला त्यांनी सांगितलं, आजपासून डॉक्टरची फी रोख, पाच रुपये, पावती घ्यायची. म्हटलं, झकास! हिशेब चोख! तर दुसऱ्याच दिवशी पाच रुपये दिले, पावती घेतली, आणि वर पाटी ठेवली होडीत. हे काय? तर म्हणे, फी दिली, ही आपली विमलाबाईला, बहीण म्हणून. झालं, सगळ्या गावाच्या विमलावहिनी बहीण!

म्हणजे बघा, फीचे पैसे वाढले, त्यावर कर वाढला, मासळी होती तेवढीच, आणि घरखर्चाला पुन्हा चहापुरते! त्या वर्षाअखेर चारकोपला त्यांच्या घरी जेवायला बसलो होतो, तर डॉक्टर समाधानानं विचारतात, "आता तरी हिशेब नीट झाला ना?"

नुसती मान डोलावली. बोलणार काय? तोंडात कोळंबी होती.