आकडा बरोबर आला तर

चिकू : आणि फोन उचलला तर बाबा! सहा महिन्यांत पहिल्यांदा. मला वाटलं, कुणीतरी गेलं बहुतेक.

आई : अभद्र बोलू नकोस. आणि ऊठ त्या खुर्चीतून, रक्त द्यायला येणाऱ्यांची आहे ती.

चिकू : भर दुपारी कोण येतंय तुमच्या लॅबमध्ये रक्त द्यायला? ऐक ना. म्हणाले, "रिपोर्ट वाचला. घरी ये. तुझी चूक नाही." आपले बाबा! दाखव ना तो रिपोर्ट. आकडा किती आला?

आई : जेवलंस का काही?

चिकू : आई, विषय बदलू नकोस. तुला माहितीय, फोन ठेवला आणि मी जमिनीवर बसून रडून घेतलं. किती वर्षं दाताच्या कण्या केल्या मी. मुलगी नाही गं, मुलगाही नाही, हे असंच आहे माझं. आणि सांगता सांगता मलाच वाटायचं, हे सगळं मीच रचलंय की काय? आता कागद आहे. रक्तातच होतं ते.

आई : कागद आहे. पण त्यावरचा आकडा मी घातलाय.

चिकू : म्हणजे?

आई : तुझा आकडा बाईचा जेवढा असायला हवा तेवढाच आहे. ना जास्त ना कमी. तीन वेळा नमुना लावला मशीनला. तिन्ही वेळा तोच.

चिकू : आणि बाबांनी वाचला तो?

आई : मी टाइप केला. पुरुषी हार्मोन तिप्पट दाखवला. सव्वीस वर्षं इथे काम करतेय, कधी एक टिंब इकडचं तिकडे केलं नाही. काल केलं.

चिकू : आई!

आई : मग काय करू? "कागदावर दाखवा, मग घरात घेतो," म्हणाले होते. तू तिकडे मैत्रिणीच्या खोलीत सतरंजीवर, आणि हे इकडे तुझ्या रिकाम्या खोलीत जाऊन बसायचे. मला बघवेना.

चिकू : म्हणजे रक्तात काहीच नाही.

आई : आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं मी. म्हणाल्या, अभ्यास चाललेत, कुणात थोडा फरक सापडतो, पुष्कळ जणांत काहीच नाही. आकड्यावरून माणूस कोण ते कळत नाही. ज्याचं त्यालाच विचारावं लागतं.

चिकू : हे बाबांना सांगायचं होतंस.

आई : सांगितलं. "मीटरवर दिसत नाही तो बिघाड नाही, नखरे आहेत," म्हणाले. तीस वर्षं फ्रिज दुरुस्त करणारा माणूस तो, दुसरं काय म्हणणार?

चिकू : सकाळपासून किती हलकं वाटत होतं मला.

आई : मला वाटलं, आजार म्हटलं की गप्प बसतील. पण हे तर उपचार शोधायला निघाले. तुला आगीतून काढायला गेले आणि फुफाट्यात टाकलं गं मी. तुला न्यायला येतायत ते, आत्ताच.

(जिन्यावर चपला वाजतात. दार उघडतं.)

बाबा : आली का? अगं, किती वाळलीस! खानावळीत जेवतेस ना? दिसतंय ते.

चिकू : बसा, बाबा.

बाबा : बसत नाही. सोमवारी दहाची वेळ घेऊन आलोय डॉक्टरची. घाबरू नकोस, गोळ्यांनी आकडा खाली येतो. फ्रिजचंच बघ ना, गॅसचा दाब बिघडला की सगळं बिघडतं, तो नीट केला की पहिल्यासारखा चालतो. आणि हे बघ... नाही नाही ते बोललो मी तुला. बाप असून मला कळलं नाही, पोरगी आजारी आहे ते.

चिकू : सोमवारी पुन्हा रक्त तपासतील?

बाबा : औषधाआधी तपासणारच.

चिकू : आकडा बरोबर आला तर?

बाबा : देव करो! मग बरी झालीस की.

चिकू : आणि तरीही मी हेच सांगितलं तर?

बाबा : असं कसं सांगशील? आकडा बरोबर, आणि तू तरी तेच?

चिकू : समजा ना.

बाबा : मग तो आजार नाही. मग तू मुद्दाम करतेस. आजारी पोरीच्या उशाशी मी जन्मभर बसेन. पण धडधाकट असून जी बापाला मान खाली घालायला लावते, तिला... नको ना बोलायला लावू मला. खोली लावून ठेवलीय तुझी. पंख्याची खरखरसुद्धा काढली.

आई : अहो, घरी चला आधी. सोमवारचं सोमवारी.

चिकू : आई, आत्ताच घे रक्त. बाबांसमोर.

आई : चिकू, हात दाखवून अवलक्षण कशाला? दोन दिवस तरी राहा घरी. पोटभर जेव. झोप काढ.

चिकू : आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी भरू? एकदा सोसलं, पुन्हा नाही जमणार. घे ना. मागच्या वेळी मशीन चुकलं असेल.

बाबा : मशीन चुकतं?

चिकू : चुकतं, बाबा. आई नाही चुकत.

बाबा : मग घे गं. तीच म्हणतेय तर घे. शहाणी आहे माझी बाय. सुईला किती घाबरायची, आठवतं? मी हात धरल्याशिवाय टोचूच द्यायची नाही.

चिकू : आतापण धरा ना.

बाबा : हा बघ, धरला. तू रडतेस कशाला गं, सुई तिला टोचायचीय ना? आणि रिपोर्टला किती वेळ लागतो?

आई : दोन तास.

चिकू : तेवढा वेळ सोडू नका, बाबा.