चूल विझवली का?

मी मूळचा सेलूकडचा. आमच्या घरी विहिरीतही कोनी पोहत नव्हतं, अन् मी अर्धी जवानी समुद्रावर भात रांधत काढली, सांगतो तं लोक हासतात. आनीबानी उठली त्याच्या नंतरची गोष्ट. मी अन् माहा मोठा भाऊ वामनदादा बल्लारशाले लाकडाच्या डेपोत होतो, तिथून ठेकेदारानं आमाले अंदमानले नेलं. दादा एका बेटावर झाडं तोडायच्या कॅम्पात, अन् मी बेटाबेटांवर रसद पोचवनाऱ्या लाँचवर स्वयंपाकी. लाँच तिकडं गेली का भेट व्हायची, त्याच्यासाठी मी झुनका लपवून ठेवत होतो.

त्या दिवशी रेडिओवर तुफान सांगितलं. आमचा सारंग, म्हंजे लाँच चालवनारा, तो म्हने बेटांवरची मानसं उचलू अन् तुफानाच्या आधी पलीकडच्या बेटाच्या खाडीत घुसू, तिथं झाडाले दोर बांधले का बोट वाचते. बाकीचे कॅम्प उचलले, दादाचा शेवटचा. तिथला किनारा सगळा सारखा, झाडच झाडं अन् पान्याखाली दगड, आत जायची वाट एकच, ती कॅम्पाच्या धुरावरून ओळखायची. काय सांगू तुमाले, धूरच नाई. सारंग भोंगा वाजवून राह्यला, मी डोळे फाडून पाहून राह्यलो, पाऊस अंगावर आला, धूर नाई. मंग त्यानं माह्या पाठीवर हात ठेवला, म्हने भाई, अब नहीं रुक सकते, अन् बोट वळवली. बोटीत बायालेकरं होती, त्याले मी दोष देत नाई.

तुफान ओसरल्यावर गेलो तं झोपड्याच नाई. रांचीकडचा एक मानूस झाडाले स्वतःले बांधून वाचलता. तो म्हने, चूल चांगली पेटली होती, हवा चली तो तेरे भाई ने पानी डाल दिया, म्हने छप्पर जल जाएगा. भोंगा ऐकला तसा दादा पुन्हा पेटवाले बसला, पन सारं लाकूड ओलं. तिथंच बसला होता म्हने, लाट आली तवा.

आमच्या गावात तेच शिकवलं ना. गवताची घरं, एका ठिनगीनं अर्धी वस्ती जाते, म्हनून वारा सुटला का माय वावरातून वरडे, चूल विझवली का रे? बेटावर बी दादा मायचं ऐकतच राह्यला.

मायले मी एवढंच सांगितलं का समुद्रानं नेलं. चुलीचं कसं सांगू? मंग मी गावातच राह्यलो. ती म्हातारी झाली, तिले काही सुधरत नव्हतं, पन वारा सुटला का खाटेवरून इचारे, वामना, चूल विझवली का रे? मी दादासारखा आवाज काढून म्हनो, हो माय, विझवली. मंग ती निवांत झोपे, मले झोप नाई.

आता पिपरी मेघेत पोराचं स्लॅबचं घर हाय, गॅस हाय. वारा सुटला का मी अंगनात कंदील लावतो. सून म्हनते, बाबा, लाइट हाय ना, काऊन लावता? राहू दे म्हनतो. विझला का पुन्हा लावतो.

तुमी निघा आता, आभाळ भरून राह्यलं. सुखानं जाजा. मी कंदील लावतोच हाये, वळनापर्यंत दिसन तुमाले.