एकवीसची पट्टी

सन्माननीय अध्यक्ष शरदराव, बराकपूरहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे चारुदत्तजी, व्यासपीठावर मान असूनही हट्टाने पहिल्या रांगेत बसलेल्या प्रेमलताबाई, आणि घरापासून इतक्या लांब एकमेकांचं माहेर झालेल्या माझ्या मंडळींनो, सर्वांना नमस्कार.

आधी तब्येती विचारते, त्याशिवाय माझी गाडी पुढे सरकायची नाही. शरदराव, गुडघा काय म्हणतो? जिन्यात कठड्याला धरलंत, मी पाहिलंय. चारुदत्तजी, सियालदापासून टॅक्सीच केलीत ना? रक्तदाबाच्या माणसाने बसमागे धावू नये. समोर पाणी आहे, घ्या. प्रेमलताबाई, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याने मी आता कशी दिसते? ‘म्हातारी’ म्हणतायत. म्हणजे ऑपरेशन छान झालं. आणि केदार, बाळा, कान कसा आहे? पडदा भरून येतोय का रे?

मृणालची तब्येत मी आत्ता विचारणार नाही. ती शेवटी.

आजचा निरोप तिचाच. नव्या मंडळींसाठी सांगते, मृणाल माझ्या भावाची मुलगी. कॉलेजला म्हणून बेहालाला माझ्याकडे आली, ती नोकरी लागल्यावरही माझ्याचकडे राहिली. सुट्टी मिळाली की पाठीवर हवेच्या बाटल्या बांधून समुद्रात उतरायची. आता सोमवारी ती अंदमानला निघाली आहे. तिथे बुडालेल्या एका जहाजाची मोजमापं घ्यायची आहेत, त्या तुकडीत तिची निवड झाली. जहाज साठ मीटर खाली आहे. आपल्या सभागृहावर किती मजले चढवावे लागतील, मनातल्या मनात मोजा. मी मोजले आणि मला घेरी आली.

शरदराव म्हणाले, ‘निर्मलाताई, दोन शब्द कौतुकाचे बोला.’ बोलते ना! कौतुक आहेच, पोरीचं कुणाला नाही? पण खरं सांगू, मला भीती वाटते. गेले महिनाभर तर घास गिळतानाही वाटते. तिच्यासमोर हे बोलायला नको म्हणून तिला आज घरी ठेवून यायचं ठरवलं होतं, पण ती माझ्याआधीच रिक्षात बसली होती.

आता तुम्ही म्हणाल, निर्मलाताई आठवीत शाळा सोडलेल्या, यांना समुद्राखालचं काय कळतं? बरोबर आहे. मला पोहताही येत नाही. पण बंगालीसुद्धा मला कुणी शिकवलं नाही. बसवरच्या पाट्या वाचत, कंडक्टरला विचारत शिकले. तसंच हेही केदारला विचारून विचारून शिकले. केदारची नोकरी गार्डन रीचला, जहाजांच्या कारखान्यात, आणि पाण्याखाली तो मृणालचा जोडीदार. माझ्या प्रश्नांनी तो इतका कावला की एकदा म्हणाला, ‘काकू, आता तुम्ही परीक्षाच देऊन टाका.’

तर आधी माझ्या स्वयंपाकघरात चला. माझे डबे तुम्हाला ठाऊक आहेत. बिस्किटाच्या डब्यात पोहे. ‘चहा’ लिहिलेल्या डब्यात जिरं. ‘साखर’ लिहिलेल्यात मीठ, कारण साखरेचा डबा लहान पडायला लागला तेव्हा साखर मोठ्या डब्यात गेली आणि रिकाम्यात मीठ आलं. नाव कोण खरवडत बसतं? डबा कुठे आहे ते हाताला माहीत असतं. तुमच्याही घरी हेच आहे, हसू नका.

गेल्या गणपतीत प्रेमलताबाई मदतीला आल्या. शिस्तीच्या बाई. सगळे डबे पुसले आणि नावं वाचून जिथल्या तिथे लावले. साखरेच्या जागी ‘साखर’. मी शिरा करायला घेतला, डोळे कढईत, हात मागे फळीवर... पुढचं तुम्ही सगळ्यांनी खाल्लंय. शरदरावांनी तर दोन घास खाऊन ‘वेगळा आहे’ म्हटलं होतं, इतके सज्जन गृहस्थ! आपण त्यावर वर्षभर हसलो. चूक कुणाची, यावर अजून वाद आहे. प्रेमलताबाई म्हणतात, मी लिहिलेलं वाचलं. मी म्हणते, मी जागा ओळखली. दोघी आपापल्या परीने खऱ्या, आणि शिरा खारट.

यंदा हिवाळ्यात एका दुपारी मी बाजारातून आले, तर मृणाल फळीवरचे डबे खाली काढून त्यांची नावं सुरीने खरवडत होती.

म्हटलं, ‘अगं, हे काय मांडलंयस?’

‘आत्या, तुझे डबे खोटं बोलतात.’

‘बोलू देत की. आत काय आहे ते मला माहीत आहे ना!’

एवढंच म्हटलं मी. पोरगी डबा मांडीत घेऊन फरशीवर बसली. मराठी तिचं इतकी वर्षं बंगालीत राहून थोडं वाकडं चालतं. म्हणाली, ‘मी पण हेच म्हणाली होती, आत्या. हेच.’ आणि रडायला लागली. ही मुलगी लहानपणी हात मोडला तेव्हा रडली नव्हती. बाजाराची पिशवी अजून हातातच होती.

मग तिने सांगितलं, ते सोपं करून तुम्हाला सांगते. खूप खोल गेलेल्या माणसाला एकदम वर येता येत नाही. टप्प्याटप्प्याने थांबत यावं लागतं, आणि थांब्यागणिक वेगळी हवा घ्यावी लागते. त्यासाठी कुशीला जास्तीच्या बाटल्या असतात. एक एकवीस मीटरपासून वर वापरायची. दुसरीत निव्वळ प्राणवायू, तो फक्त सहा मीटरपासून वर. मी म्हटलं, प्राणवायू तर चांगला ना? दवाखान्यात देतात. केदार म्हणाला, ‘काकू, सहा मीटरवर औषध. तोच एकवीसवर घेतला तर फिट येते. तोंडातली नळी सुटते, आणि पाण्याखाली नळी सुटली की...’

दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या. म्हणून प्रत्येकीवर पट्टी चिकटवतात. आकडा एवढा मोठा, की शेजारच्यालाही वाचता यावा. खाली बारीक अक्षरात हवा कुठली, कधी मोजली, कुणी मोजली. बाटली पुन्हा भरली की जुनी पट्टी फाडायची, नवी हवा स्वतः मोजायची, नवी पट्टी लावायची.

मृणालने हवा मोजली होती. पण या खेपेला प्राणवायू जुन्या एकवीसच्या बाटलीत भरला होता, आणि तिच्यावर मागच्या खेपेची ‘२१’ पट्टी तशीच होती. केदारने किनाऱ्यावर विचारलंसुद्धा, ‘पट्ट्या बदलायच्यात ना गं?’ ही म्हणाली, ‘बोटीवर लावते. मला माहीत आहे कुठली कुठली. प्राणवायू मी मागे अडकवते, नेहमी.’ बोटीवर समुद्र खवळलेला, नावाडी घाई करतोय, पट्ट्या राहिल्या आणि तपासणीही राहिली. नावाडी भला माणूस, मदत म्हणून बाटल्या त्यानेच हिच्या कुशीला अडकवल्या. त्याने ‘२१’ वाचलं, आणि एकवीसची बाटली पुढे असते हे त्याला ठाऊक होतं. ठेवली पुढे.

प्रेमलताबाई, मान खाली घालू नका. त्या माणसानेही लिहिलेलंच वाचलं होतं.

वर येताना एकवीस मीटरवर दोघं थांबली. मृणालने न बघता हात पुढच्या बाटलीकडे नेला. हाताला जागा माहीत होती ना! नळी ओठांपर्यंत आली. आता केदारची एक खोड आहे, हिला तिचा राग यायचा. जोडीदाराच्या नळीवरून हात फिरवत तो बाटलीपर्यंत जातो आणि आकडा वाचतो. आकडा ‘२१’, बरोबर. तो तिथेच थांबला असता तर आज हा समारंभ नसता. पण त्याने खालची बारीक तारीखही वाचली. ती मागच्या खेपेची होती.

त्याने हिचं मनगट असं धरलं की आठवडाभर वळ होता. मला म्हणाली होती, ‘बोटीत आपटला.’ मी वेडी हळद लावत बसले.

मग त्याच्याच बाटलीतली हवा दोघांनी आळीपाळीने घेतली आणि कशीबशी वर आली. बोटीवर हिची पुढची बाटली मोजली. निव्वळ प्राणवायू.

मंडळी, मी तेव्हापासून घाबरलेली आहे. समुद्राला मी घाबरत नाही, तो आपल्या जागी आहे. ‘मला माहीत आहे’ या तीन शब्दांना घाबरते. ते शब्द तिने माझ्याच स्वयंपाकघरात रोज ऐकले.

आणि आता केदार बरोबर नाही. कानामुळे डॉक्टरांनी त्याला पाण्यात उतरू नको म्हटलंय. तिचा नवा जोडीदार रोहन नावाचा मुलगा आहे. मी त्याला फोन केला. आवाज गोड, वळण चांगलं. मला धीर द्यायला म्हणाला, ‘काकू, अजिबात काळजी करू नका. मृणालला सगळं माहीत आहे.’

पुन्हा तेच शब्द हो! म्हटलं, ‘बाळा, एक ऐक. तिला काही माहीत नाही असं समजून वाच. आकडा वाच, तारीख वाच. ती चिडली तरी वाच. आणि तुझं तिला वाचू दे.’ ‘हो काकू’ म्हणाला. खरं म्हणाला की म्हातारीचं मन राखलं, देव जाणे. मी इथून त्याचं तोंड कसं बघणार?

मृणाल, ये इकडे. मंडळाने शाल दिली, फार सुरेख आहे. माझ्याकडून ही पांढऱ्या चिकटपट्टीची गुंडाळी आणि जाड काळं पेन. घरच्या डब्यांवर तू वाकड्यातिकड्या अक्षरांत नावं लिहिलीस, ‘जिरं’वरचा अनुस्वार विसरलीस, पण आता माझ्या घरी आत जिरं असतं तिथेच ‘जिर’ असतं. मी रोज वाचून डबा उघडते. या वयात वेळ लागतो. लागू दे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, वृंदाने माईक दोनदा वर-खाली केला, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, सगळ्यांचे आभार. कौतुक करायला उभी राहिले आणि घाबरवून बसले, हे कमीजास्त पोटात घाला.

आता राहिलेली तब्येत. मृणाल, बरी आहेस ना गं? आत्ता नको सांगूस. आत्ता बरी आहेस ते दिसतंय मला. पहिल्यांदा खाली जाऊन वर आलीस की सांग. मोठं पत्र नको, मराठी वाकडं असलं तरी चालेल. ‘वर आले’ एवढं लिही, आणि खाली तुझी पट्टी कुणी वाचली त्याचं नाव. लवकर लिही, बाळा. नाव वाचेपर्यंत मी फोनपाशी बसलेली असेन.